कुणाला जामीन राहू नकोस

"प्रमोशन झालं म्हणतेस आणि वर पंचवीस लाखांचं कर्ज काढलंस?"

अण्णांना फोनवर बातमी सांगितली तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न हा. अभिनंदन वगैरे नंतर, आईने त्यांच्या हातातनं फोन काढून घेतल्यावर. आणि खरं सांगायचं तर मला त्याचं धड उत्तर देता आलं नाही, कारण बाहेरून बघणाऱ्याला ते तसंच दिसतं. बारा वर्षं वकिलांच्या एका फर्ममध्ये घासली, मग एक दिवस मोठ्या केबिनमध्ये बोलावून सांगितलं की 1 एप्रिल 2025 पासून तू पार्टनर, सगळ्यांनी हात मिळवले, पेढे आले, आणि पेढ्यांच्या मागोमाग अकाउंट्सचा ईमेल आला की कॅपिटल कॉन्ट्रिब्युशनची, म्हणजे फर्मच्या भांडवलात घालायच्या माझ्या वाट्याची, रक्कम अमुक तारखेच्या आत फर्मच्या खात्यात जमा करावी.

अण्णा एसटीत होते, कराड डेपोला, अकाउंट्सलाच. त्यांच्या जगात प्रमोशन झालं की पगार वाढतो, टेबल खिडकीजवळ सरकतं आणि लोक हाक मारताना "साहेब" जोडतात. नोकरीत वर चढायला आपणच पैसे भरायचे ही गोष्ट त्यांना सरळसरळ वशिल्याची वाटली. "पावती देतात का?" असंही विचारलं त्यांनी.

पण त्यांना खरा धक्का कर्जाचा नव्हताच, तो पुढे बसला.

आमच्या घरात लहानपणी दोन गोष्टींना सक्त मनाई होती, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसणं आणि कुणाला जामीन राहणं. पहिलीचं कारण आजी सांगायची, दुसरीचं कुणीच सांगायचं नाही, ते मला बरंच मोठं झाल्यावर तुकड्यातुकड्याने कळलं. 1996 साली डेपोतल्या एका सहकाऱ्याने पतसंस्थेतनं चाळीस हजार घेतले, बहिणीच्या लग्नासाठी, आणि अण्णांनी जामीनदार म्हणून सही केली. दीड वर्षाने तो माणूस बदली घेऊन गेला, हप्ते थांबले, आणि मग अण्णांच्या पगारातनं महिन्याला नऊशे रुपये कापले जायला लागले. चार वर्षं. तेव्हा नऊशे म्हणजे काय हे ज्यांच्या घरात एकच पगार यायचा त्यांना सांगायला नको. मला सातवीत मिळणार होती ती सायकल नववीत मिळाली, आणि आईच्या गळ्यातलं थोडं हलकं झालं ते परत कधी जड झालं नाही.

पुढे पुण्यात लॉ कॉलेजला कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट शिकताना कलम 128 वर आले, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आधी त्याच्या मागे लागा मग माझ्याकडे या असं त्याला म्हणता येत नाही, आणि वर्गात बसल्या बसल्या मला आमची सायकल आठवली. मग सहकार कायदा चाळला तर कलम 49, पगारातनं कपात करून घेण्याची तरतूद. 1872 चा एक कायदा, 1960 चा दुसरा, आणि दोन्ही आमच्या स्वयंपाकघरात येऊन गेलेले.

तर ही एवढी पार्श्वभूमी असलेल्या मुलीपुढे पार्टनरशिप डीड, म्हणजे भागीदारीचा करार, आलं. एकोणचाळीस पानं. ठाण्याच्या घरी, रात्री मुलाला झोपवून, डायनिंग टेबलावर मी ते क्लायंटचं असल्यासारखं पेन्सिल घेऊन वाचायला बसले. आमची फर्म अजून जुन्या पद्धतीची, 1932 च्या भागीदारी कायद्याखालची. 2008 ला एलएलपीचा, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा, कायदा आला तेव्हा बदलायचं की नाही यावर म्हणे बऱ्याच मीटिंगा झाल्या आणि ते राहूनच गेलं. एलएलपीत साधारणपणे दुसऱ्या पार्टनरच्या चुकीसाठी आपल्या घरादारावर कुणी येत नाही. जुन्या पार्टनरशिपमध्ये कलम 25 आहे. मी पार्टनर असताना फर्मच्या नावाने जे काही होईल त्याला सगळे मिळून जबाबदार आणि प्रत्येक जण एकेकटाही जबाबदार. म्हणजे घेणेकऱ्याने ठरवलं तर सगळ्यांना सोडून माझ्या एकटीच्या दारात उभं राहावं आणि पूर्ण रक्कम मागावी, मग मी बाकीच्यांकडून त्यांचा वाटा वसूल करत बसायचा.

हे मला माहीत नव्हतं का? वर्षानुवर्षं क्लायंटना समजावून सांगितलंय, परीक्षेत दहा मार्कांना लिहिलंय. पण त्या रात्री ते वाक्य मी माझ्यावर लावून पहिल्यांदा वाचलं. आम्ही नऊ जण. म्हणजे मी आठ जणांना जामीन राहणार होते. त्यातल्या पाच जणांना मी नीट ओळखते, दोघांना जेवणाखाण्यापुरती, आणि एक दिल्लीला बसतात, त्यांना मी तोपर्यंत चार वेळा भेटले होते. एक बरं होतं, कलम 31 मुळे मी यायच्या आधीच्या भानगडींची जबाबदारी माझ्यावर नव्हती. नवरा म्हणाला, "मग काय, एक एप्रिलपासून सगळ्यांनी नीट वागावं एवढंच." तो इंजिनिअर आहे, त्याला कशाचंच काही वाटत नाही.

अण्णांना मी हे सोपं करून सांगितलं आणि फोनवर इतका वेळ शांतता की मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "म्हणजे जामीनच की गं."

"हो. तसंच."

"आणि तू वकील असून?"

सही केली मी. का केली याची भारदस्त कारणं आहेत पण खरं कारण बारीक आहे. बारा वर्षं माझ्या ड्राफ्टवर दुसऱ्या कुणाची सही जात होती आणि मला ती माझी हवी होती.

पैशाचं आधी उरकून टाकते, कारण पार्टनर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर गाडी येते. असोसिएट, म्हणजे पार्टनर व्हायच्या आधीचे वकील, असतानाही आम्हाला पगार नसतोच. बोलताना पगार म्हणतो, पण बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, म्हणून ते असतं रिटेनर, म्हणजे दरमहा ठरलेली फी, पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. पण काही म्हणा, एक तारखेला ठरलेला आकडा यायचा. आता येतं त्याला ड्रॉइंग्ज म्हणतात, म्हणजे वर्षाअखेरीस जो नफा होईल असा अंदाज आहे त्यातली उचल, आणि नफा कमी झाला तर उचल जास्त झाली म्हणून हिशोब उलटा फिरतो. ज्या दिवशी मी पार्टनर झाले त्याच दिवसापासून इन्कम टॅक्समध्ये कलम 194टी लागू झालं, पार्टनरला फर्मने दिलेलं मानधन आणि व्याज वर्षाला 20,000 च्या वर गेलं की 10 टक्के टीडीएस. माझ्यासाठीच थांबले होते. वरचा ॲडव्हान्स टॅक्स आपला आपण भरायचा, 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर, 15 मार्च, ह्या तारखा आता मला घरातल्यांच्या वाढदिवसांसारख्या पाठ आहेत. आणि दिवाळीला बोनस मिळाला नाही, दिला. ऑक्टोबरच्या मीटिंगमध्ये स्टाफच्या बोनसचा आकडा आला, ऑफिसच्या भाड्याचा आला, तीन मोठ्या क्लायंटची बिलं अडकलेली, आणि मोठ्या केबिनमधले आमचे सर शांतपणे म्हणाले की या महिन्यात ड्रॉइंग्ज अर्धी घेऊ. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, आणि खाली टेबलाखाली मोबाइलवर होम लोनच्या हप्त्याची तारीख बघितली.

अडकलेली बिलं वसूल करणं हा तर वेगळाच अभ्यासक्रम आहे आणि तो कुठल्याच कॉलेजात नाही. मराठी मध्यमवर्गीय घरात वाढलेल्या माणसाला पैसे मागायची जी एक आतड्यातली लाज असते ना, ती एलएलबी करून जात नाही. मी कोर्टात समोरच्या सीनियर काउन्सेलच्या तोंडावर "विथ ग्रेट रिस्पेक्ट" म्हणून वाट्टेल ते बोलू शकते, पण "आमचं सहा महिन्यांपूर्वीचं बिल" हे शब्द घशात अडकतात. पहिल्यांदा फोन केला तेव्हा मी त्या गृहस्थांच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासून सुरू केलं आणि बिलाचा विषय न काढता फोन ठेवला. शेजारच्या केबिनमधल्या पार्टनरने ऐकलं असणार, कारण नंतर चहाला म्हणाले, "ऑपरेशन छान झालं म्हणतेस, चेक कधी येतोय?" आणि वकिलाच्या हातात तसं काही नसतंही. शिंपी पैसे मिळेपर्यंत कपडे अडवेल, गॅरेजवाला गाडी सोडणार नाही, पण फी थकली म्हणून क्लायंटच्या फायली अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही, सुप्रीम कोर्टाने 2000 सालीच ते स्पष्ट केलंय. कागद द्यायचे आणि मग हात जोडून आठवण करायची.

तशीच गंमत नवीन कामाची. पार्टनरने काम आणायचं असतं, किती आणलं त्यावर तुमचा वाटा ठरतो, आणि त्याच वेळी बार कौन्सिलचा नियम 36 म्हणतो की वकिलाने जाहिरात करायची नाही, काम मागायचं नाही, आडूनसुद्धा नाही. 2008 पासून वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, शिक्षण, कुठल्या विषयात काम करता एवढं टाकता येतं, बास. मग उरतात लग्नं, सेमिनार आणि शाळेचे ग्रुप. मी आता लग्नाला गेले की नवरा कुजबुजतो, "हा बिल्डर आहे, तिकडे बसूया का?" आणि मला भयंकर राग येतो, आणि मी तिकडे बसते.

पण हे सगळं वरवरचं. ज्या दिवशी मला कळलं की मी पार्टनर आहे तो दिवस पार्टनरशिपच्या सहाव्या महिन्यातला एक मंगळवार होता, संध्याकाळचे सहा वाजून गेलेले, फोर्टमधल्या आमच्या जुन्या बिल्डिंगची लिफ्ट नेहमीसारखी बंद, आणि मी एका कमर्शियल सूटची, म्हणजे व्यापारी दाव्याची, फाइल दुसऱ्याच कुठल्या तरी कामासाठी उघडली होती. आपली बाजू डिफेंडंटची, म्हणजे ज्याच्यावर दावा लावलाय त्याची. क्लायंटने पाठवलेल्या, समन्ससोबत आलेल्या प्लेंटच्या, म्हणजे समोरच्याच्या दाव्याच्या, पहिल्या पानाच्या कोपऱ्यात एक जांभळा गोल शिक्का होता, अर्धा कागदाबाहेर गेलेला, स्कॅनमध्ये पुसट. क्लायंटच्या भिवंडीच्या गोडाउनचा, आलेल्या टपालावर मारायचा इनवर्डचा शिक्का. त्यात बॉलपेनने घातलेली तारीख होती. मी ती तारीख वाचली, मग कॅलेंडर बघितलं, मग बोटांवर मोजलं, मग परत मोजलं, आणि हातापायातली शक्ती गेली.

जे वकील नाहीत त्यांच्यासाठी सांगते. साध्या दाव्यात लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला उशीर झाला तर कोर्टाच्या हातापाया पडता येतं. कमर्शियल सूटमध्ये नाही. 2015 च्या कायद्याने समन्स बजावल्यापासून 30 दिवस दिले, कारणं दाखवून जास्तीत जास्त 120, आणि 120 संपले की कैफियत देण्याचा हक्कच गेला, कोर्टालासुद्धा ती रेकॉर्डवर घेता येत नाही. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच शिक्कामोर्तब केलं. म्हणजे 121 व्या दिवशी तुमचा क्लायंट तोंडाला पट्टी लावून दावा लढणार.

तो 118 वा दिवस होता.

आमच्या ट्रॅकरवर, म्हणजे मुदतींचे दिवस मोजायच्या तक्त्यावर, त्या दिवशी 92 दिसत होते. हिरव्या रंगात. ज्युनिअरने दिवस मोजले होते वकालतनाम्याच्या, म्हणजे क्लायंटने आम्हाला वकील नेमल्याच्या, तारखेपासून. समन्स भिवंडीला गोडाउन मॅनेजरने घेतलं, शिक्का मारला, ड्रॉवरमध्ये टाकलं, हेड ऑफिसला एकोणीस दिवसांनी पाठवलं, तिथनं आमच्याकडे यायला आणखी आठवडा, असे सव्वीस दिवस कुणाच्याच खात्यात नव्हते. आणि तो ट्रॅकर दर सोमवारी मला येत होता. दर सोमवारी मी त्याला "ओके, थँक्स" असं उत्तर दिलं होतं, लोकलमधनं, एका अंगठ्याने.

त्या ज्युनिअर पोराला बोलावलं. दोन वर्षांची प्रॅक्टिस, नांदेडकडचा, चेंबूरला चौघांत खोली घेऊन राहतो. त्याला शिक्का दाखवला. त्याने बघितला आणि तो काहीच बोलला नाही, फक्त त्याचे कान लाल झाले. असोसिएट असते तर मी तिथेच त्याला सोलला असता, कारण तेव्हा माझ्या वर कुणी तरी होतं आणि वरच्याला दाखवायला मला खालचा लागत होता. आता वर कुणी नव्हतं. हे कळायला फार तर दोन सेकंद लागले असतील पण ते दोन सेकंद मला अजून आठवतात, मी खरोखर दाराकडे बघितलं, कुणी तरी आत येऊन "आता काय करायचं" सांगेल म्हणून.

मग क्लायंटला फोन. बोटं मॅनेजरच्या ड्रॉवरकडे दाखवायचा मोह प्रचंड होता आणि ते खोटंही नव्हतं. पण शिक्का आमच्याकडे तीन महिने होता. मी म्हटलं, "मोजण्यात आमची चूक झालीय, अजून दोन दिवस हातात आहेत, उद्या तुमची सही लागेल." पलीकडून आधी काहीच नाही आणि मग जे ऐकावं लागलं ते ऐकून घेतलं. "आमची" म्हणताना मला कराडचा पतसंस्थेचा तो कागद आठवला, कर्जदाराच्या सहीखाली अण्णांची गोल, वळणदार, मराठी सही. दहा मार्कांचं उत्तर म्हणून ते जबाबदारीचं कलम मला माहीत होतं, पण असं अंगावर येऊन कधी कळलं नव्हतं.

रात्री अडीचपर्यंत मी, तो आणि एक सीनियर असोसिएट बसलो, कैफियत अर्धी तयार होती हे नशीब. वडापाव दोनदा मागवले. पोरगं मध्येच उठून बाथरूमला गेलं आणि तोंड धुऊन आलं, मी विचारलं नाही. बुधवारी सकाळच्या फ्लाइंग राणीने सुरतहून डायरेक्टर आले, मुंबई सेंट्रलला त्यांना घ्यायला तोच गेला होता, टॅक्सीत त्यांना पानं वाचून दाखवत फोर्टला आणलं, नोटरी, स्कॅनिंग, ई-फायलिंगची साइट दोनदा लटकली. चार वाजून वीस मिनिटांनी आमच्या क्लार्क काकांचा व्हॉट्सॲप आला, फक्त लॉजिंग नंबर, म्हणजे कैफियत दाखल झाल्याचा नंबर, पुढे एक नारळाचा इमोजी. 119 वा दिवस. 30 च्या पुढचा उशीर माफ करून घ्यायचा अर्ज पुढे लढायचाच होता, पण तो लढता तरी येणार होता.

आमच्याकडे वेळ सहा-सहा मिनिटांच्या युनिटमध्ये नोंदवतात. त्या दोन दिवसांचे तिघांचे मिळून सदतीस तास झाले, आणि आपल्या चुकीचं बिल क्लायंटला कसं लावणार, मी सगळे राइट ऑफ केले, म्हणजे बिलातनं सोडून दिले. महिन्याच्या मीटिंगला तो आकडा पडद्यावर आलाच. सरांनी चष्मा वर करून विचारलं, "हे कुणाचं?"

"माझं."

त्यांनी पुढचं पान काढायला सांगितलं. तेवढंच. आठ जणांपैकी एकानेही काही विचारलं नाही, आणि मी बाहेर येऊन जिन्यात थोडा वेळ उभी राहिले. इतके दिवस मी हिशोब एकाच बाजूने मांडत होते, मी आठ जणांना जामीन. ते आठ जण मला जामीन आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दिल्लीवाले तर मला तोपर्यंत सहाच वेळा भेटलेले.

एक गोष्ट मात्र लागली, आणि ती क्षुल्लक आहे. पँट्रीत दुपारी असोसिएट डबे उघडतात त्या टेबलावर मी बारा वर्षं जेवले. आता मी गेले की एक खुर्ची लगेच रिकामी होते आणि बोलणं पावसावर येतं. त्यांचा एक वेगळा ग्रुप आहे, माझ्याशिवायचा, हे मला एकीच्या मोबाइलवर चुकून दिसलं. वाईट वाटायचा मला हक्क नाही, 2016 मध्ये तसलाच ग्रुप मी स्वतः काढला होता, आणि त्याला जे नाव दिलं होतं ते इथे लिहिता येणार नाही. आता मी केबिनमध्ये जेवते. पोळीभाजीचा वास फायलींना लागतो.

भाऊबीजेला कराडला गेले होते. अण्णांना डीड बघायचं होतं. मोबाइलवर अक्षर मोठं करून करून त्यांनी अर्धा तास वाचलं, इंग्रजी पुटपुटत, अकाउंट्सवाल्यासारखं बोट ओळीखाली ठेवून. शेवटच्या पानावर सगळ्यांच्या सह्या आहेत तिथे बराच वेळ थांबले.

"ह्यातला बुडवणारा कोण?" 

"कुणी नाही, अण्णा."

"तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं." मग चष्मा पुसत म्हणाले, "एकदा पोळलं की शहाण्या माणसाने परत सही करू नये. मी केली का परत कधी?"

आत आई चकल्यांचा डबा भरत होती, माझ्यासोबत द्यायला. तिथनंच म्हणाली, "दोनदा."

अण्णांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.